बारीक मुठीचं खुरपं

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा खुरपं निवडत उभे होते.

"हे घ्या, काका. टिचकी मारून बघा, कसं खणखणीत वाजतंय."

"पातं झकास आहे हो. मूठ जाड आहे."

"तुमच्या पंजाला अशीच लागेल."

"याहून बारीक दाखवा."

"ही बायकांच्या हाताची. काकूंसाठी हवंय का?"

"ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीच सोडत नाही. डॉक्टर म्हणतात चाला, पण ही ऐकेल तर शपथ! बाग सध्या माझ्याच गळ्यात."

"मग या मुठीनं तुमच्या हाताला फोड येतील."

"आलेत की. जुनं खुरपंही तिचंच होतं, काल मोडलं."

"अहो, मग जाड मुठीचं घ्या ना!"

"मी तण ठेवतो आणि रोपं उपटतो. ती खिडकीतून माझा उद्धार करते. काल तर रागारागानं दारापर्यंत चालत आली."

"म्हणजे मुद्दाम उपटता?"

"आज ना उद्या ती खुरपं हिसकावून घेणारच. तेव्हा तिच्या हाताला ते जड व्हायला नको."

"थांबा, काका. मूठ जरा घासून देतो."