गाडी उभी होती

नाही हो, टक्कर नाही झाली! ब्रेकही व्यवस्थित लागत होते! जो येतो तो माझ्या पायाचं प्लास्टर बघतो, खुर्ची पुढे ओढतो आणि डोळे मोठे करून विचारतो, "घाटात का?" घाटात कसलं, गोदामाच्या दारात! "वेग किती होता?" कपाळ माझं! गाडी उभी होती! इंजिन बंद, किल्ली खिशात!

तुम्हाला सांगतो, ट्रकमध्ये माल कुठला होता? गाद्या! एकावर एक रचलेल्या, वर ताडपत्री, आणि त्यावर मी, दोरी आवळतोय... आणि मी दोरी आवळतो म्हणजे काय, माझा माल आजवर वीतभर सरकलेला नाही, विचारा कुणालाही... तर शेवटच्या दोरीला शेवटचा हिसका दिला, ती तुटली आणि हे ध्यान पाठीमागे! ट्रकभर गाद्या वर आणि मी खाली फरशीवर! एखादी तरी गादी सोबत यावी की नाही? पण येणार कशी, बांधल्या कुणी होत्या?

लगेच मालकांचा फोन, "माल कसाय?" म्हटलं, शाबूत. "मग पडलं काय?" म्हटलं, ड्रायव्हर!

सासरे भेटायला आले. जावई एवढी मोठी गाडी चालवतो म्हणून चारचौघांत मिरवणारा माणूस, हळूच कानाशी लागला, "जावईबापू, बाहेर ब्रेक फेल झाले म्हणून सांगू का?" कसले ब्रेक? गाडी उभी होती हो!

पण खरी पंचाईत बायकोची. ओरडली असती तर परवडलं असतं... मुकाट्याने माझ्या पायाखाली उशी सरकवत म्हणाली, "तुम्ही रस्त्यावर असलात की माझा जीव टांगणीला. गाडी उभी करून फोन केलात की मी झोपायचे. आता मी झोपायचं कधी?"

वर म्हणाली, "ट्रक बंद!" अहो, ट्रक बंद म्हणजे मी घरात बसून काय कपाट चालवू? स्टिअरिंग नसलं की मला हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही!

शेवटी मालकांनीच तोड काढली. एक पट्टा पाठवला, खांद्यावरून, कमरेवरून, मागे हूक. म्हणाले, "मालावर चढायचं तर हूक गोदामाच्या छताखाली ताणलेल्या तारेत अडकवून. उतरायचं शिडीनं, तोंड गाडीकडे, उडी नाही." बायकोनं पट्टा उलटापालटा केला, मी आवळतो तस्सा हिसका देऊन बघितला आणि म्हणाली, "बरं, जा. पण सवय आत्तापासून!"

म्हणून म्हणतो, राग मानू नका, तुम्हाला दारापर्यंत सोडायला येता येणार नाही. हा बघा हूक... पलंगाला! मी म्हटलं, "अगं, पलंग कुठे चाललाय?"

तर म्हणते, "गाडी तरी कुठे चालली होती?"