घुग्घुसचा धनराज

—नाई नाई, बसा हो सर, उठू नका. लाईट येते आता. म्हनजे येईन तेव्हा येईन, पन येते. पहा ना, बाजूले चंद्रपूरच्या चिमन्या रातदिवस धूर सोडून राह्यल्या, वीज इथूनच निघते, मुंबई-पुन्याले जाते, अन् वरोऱ्यात लोडशेडिंग — दिव्याखाली अंधार म्हंतेत तो हाच. मशीन बंद, पंखा बंद, निस्तं तोंड चालू. रस्ता सापडला ना बराबर? — हां, स्टँडवरच्या बाईनं सांगतला. चांगलं झालं. नाई त रिक्षावाल्यानं तुमाले सारं गाव फिरवून आनलं असतं. उर्वशी नाई घरी. सकाळीच घुग्घुसले गेली. तुमी पुन्याहून तिच्यासाठी सीडी घेऊन आले अन् ती घुग्घुसले — आता काय सांगू तुमाले. बसा. च्या सांगतो.

दुकान माझं हाय, बोर्डावर वाचलं असन तुमी, प्रवीण कम्प्युटर्स. झेरॉक्स, टायपिंग, इंटरनेट. बाजार समितीतले अडते सोयाबीनचा भाव पाहाले इथीच येत, पोरं रिझल्ट पाहाले इथीच, अन् सारे 'प्रवीणभाऊ, प्रवीणभाऊ' करत. मंग वायरस शिरला, एकामागून एक साऱ्या मशीनी बसल्या. माझी विंडोज — तुमच्यापासून काय लपवाचं — नागपूरच्या फुटपाथवरची, तक्रार करू त कोनाजवळ करू? मी डोक्याले हात लावून बसलो. अन् आमची बायको मासिकासंग आलेली फुकटची सीडी घेऊन बसली. लिनक्स म्हने, विंडोजच्या जागी चालते. मराठी घेऊन बी.ए. झालेली, टायपिंगपुरती मशीनजवळ येनारी — मले वाटलं करू दे करमनूक. तर पोळ्याच्या आत साऱ्या मशीनी चालू. वर मशीनीले नावं देल्ली तिनं — डिंपल-एक, डिंपल-दोन, डिंपल-तीन. डिंपल म्हनजे आमची पोरगी, शाळेत गेली हाय. मी म्हनलं, मशीनचं बी बारसं असते काय? हासली निस्ती.

मंग तुमचं ते काम लागलं तिच्या मागं. मेनूवरचे इंग्रजी शब्द मराठीत कराचे. मी विचारलं, पैसे किती? म्हने नाई. मंग मालक कोन? म्हने मालकच नाई, साऱ्याचं हाय. ज्याले चूक दिसली त्यानं सुधारून पाठवाचं, जो सांभाळते त्यानं पाहून घ्याचं. आता हे कोनाच्या डोक्यात शिरन, सांगा. आमच्या मामाच्या गावी तलावातली मासोळी बी साऱ्याची नाई, सोसायटीची हाय, दुसऱ्यानं जाळं टाकलं त डोकी फुटतेत. अन् इथी म्हने साऱ्याचं. बरं, केलं त केलं. पन मेल याले लागले ना, सर. 'उर्वशीताई, तुमच्यामुळे आमच्या शाळेतली पोरं मराठीत लिहितात.' 'उर्वशीताई, बेळगावहून नमस्कार.' एक त जर्मनीतून. फोन माझा, लाईट माझी, खुर्ची माझी — अन् नाव? उर्वशीताई. अडते बी विचाराले लागले, ताई हायेत काय, त्याहिलेच विचारतो. पोटात दुखलं का म्हनता? दुखलं. खोटं काऊन बोलू? असं दुखलं का रातच्याले पानी पिऊन झोपलो.

अन् त्यात आला हा धनराज.

तुमाले ठाव असनच, तुमच्याच त्या साऱ्याइच्या मेलच्या यादीत मेल टाकते तो. घुग्घुसचा. खदानीच्या हापिसात कारकून हावो म्हने. पयला मेल आला त तिच्या चुका काढून — इथी शब्द जड झाला, तिथी आपल्या लोकाइले समजनार नाई. मले वाटलं, आता लागन हिले. आता रडन. तर ही काय लिहिते? 'धन्यवाद धनराजभाऊ, तुमचं बरोबर आहे, मी सुधारून घेतलं.' घेतलं बी! जेवता जेवता म्हने, घुग्घुसचे एक भाऊ हायेत, किती समजून वाचतेत. मी दहा वर्सं झाली तिच्यासंग जेवून राह्यलो, माझ्याबद्दल असं कोनाजवळ बोलली नसन. घरी माझ्यासंग काय बोलनं — जेवता काय, बिल भरलं काय, डिंपलच्या चपला आना. अन् धनराजले पानभर. त्यानं दोन शब्द सुधारले का ही चार गोष्टी लिहिते. आमच्याकडं सोयाबीन पिवळं पडलं, तुमच्याकडं कोळशाची धूळ असन, कपडे आत वाळवत जा. कपडे आत वाळवत जा! कोनाचे कपडे, अन् हिले काय कराचं? घरची म्हनते देवा देवा, अन् बाहेरचीले चोळी शिवा — ते आमच्या घरी उलटं झालं, दुसरं काय.

एकडाव त्यानं लिहिलं का मले अंबाडीची भाजी आवडते, वरून लसनाची फोडनी पाह्यजे. सहजच लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात काय? अंबाडी. लसनाची फोडनी. मले बी आवडते हो अंबाडी, लहानपनापासून आवडते, पन त्या दिवशी घास उतरे ना. त्याच्या आवडीचं माझ्या ताटात! मी ताट सरकवलं. तिनं ते झाकून ठेवलं. मंग दोन रोजानं मी चिडून लिहिलं का तुमच्या भाषांतरात काही दम नाई — म्हनजे त्यानं. धनराजनं लिहिलं. मी वाचलं निस्तं. तिचा जवाब काय, 'आज तब्येत बरी नाही का?' अन् संध्याकाळी मलेच विचारते, डोकं दुखते काय तुमचं, तेल लावून देऊ? आता त्याचा राग तिनं माझ्या डोक्यावर —

तुमी हासून काऊन राह्यले?

बरं, ऐका. लाईट बी नाई, गिऱ्हाईक बी नाई. मीच तो. धनराज कोनी नाई. मी नवीन आयडी काढला, अन् त्या तिकडल्या कोपऱ्यात तीन नंबरवर बसून लिहे. ती इकडं एक नंबरवर, मधात प्लायवूडची फळी. कराले काय गेलो — तिच्या चुका साऱ्या जगासमोर काढू म्हनलं, थोडी हवा उतरन. पन तिनं 'बरोबर आहे तुमचं' लिहिलं ना, सर, मले गोड लागलं. मी त्या मेनूतले शब्द रातभर डोक्यात घोळवाले लागलो. इंग्रजी शब्दाले आपल्या बाजारातला शब्द कोन्ता, अडते काय म्हंतेत, तलाठी काय म्हनते — ते मले येते. तिनं माझे कितीक शब्द घेतले. जर्मनीत बी आता माझाच शब्द दिसते, म्हनजे धनराजचा. अन् मंग मले त्याचाच राग याले लागला. असा राग, असा राग, का हातात सापडला त मुरगाळून टाकीन — अन् तो म्हनजे मीच, आता मारू त कोनाले मारू? ती त्याचा मेल वाचून फळीच्या तिकडं हासे, मले ऐकू ये. मी विचारो, काय झालं वो? म्हने काई नाई, धनराजभाऊचं काईतरी.

एकदा मी लिहिलं तिले, धनराज म्हनून — तुमच्या नवऱ्याले आवडत नसन हे काम, जळत असन तो. पाहू म्हनलं काय म्हनते. तर लिहिते, 'जळत नाहीत हो, भुकेले आहेत. कोणी चांगलं म्हटलेलं त्यांना पाहिजे असतं, आणि दुसऱ्याला म्हणायला लाजतात.' आता ही गोष्ट त्याले सांगाची काय? परक्या मानसाले? घरातली गोष्ट? मले सांगाची होती. मी इथी फळीच्या अलीकडं होतो ना.

अन् आता हा तुमचा लिनक्सवाल्याइचा कार्यक्रम, येत्या इतवारी नागपुरात. ती म्हने, धनराजभाऊले बी न्यावं लागन, अर्धं काम त्याहिचंच हाय, मी स्वतः जाऊन घेऊन येते. मले वाटलं, बोलनं हाय, कोन जाते. आज सकाळी पाहतो त तयार. पोपटी साडी, मागच्या दिवाळीची, माझ्यासंग कुठी जाताना कधी नेसली नाई ती. डबा भरला, मोठा, दोन मानसाचा. वरच्या खनात अंबाडी. उंबऱ्यात उभी — एक चप्पल पायात, एक हातात. म्हने, काई सांगाचं हाय काय तुमाले? मी काय म्हनलं असन? मी म्हनलं, त्याले नमस्कार सांग.

होय. नमस्कार सांग म्हनलं. तिनं दुसरी चप्पल घातली अन् गेली.

आता ती तिथी उतरन, खदानीच्या गेटवर विचारन, कोनी म्हनन असा कारकून नाई बावा. मंग घरी येईन अन् माझ्याकडं पाहीन. बोलनार नाई, निस्ती पाहीन. त्या पाहन्याचा भेव हाय मले, सर. या घरात अजून तिनं मले लबाड म्हनलं नाई. अन् त्याच्याहून मोठा भेव सांगू? तिथी खरंच एखादा धनराज असला त? एवढ्या मोठ्या गावात धनराज नावाचा मानूस नसन काय? कापलेल्या केसाचा, मोटरसायकलवाला, शिफ्ट करून आलेला — तो म्हनन, हो बाई, मीच. अन् अंबाडी खाऊन घेईन. माझी अंबाडी. इथी बसल्या बसल्या मले तो खाताना दिसून राह्यला.

काय म्हनता?

हळू सांगा. मेलच्या मागं मशीनचं नाव येते? न लिहिता? वर दिसत नाई, पन आत असते — अन् काम जो सांभाळते त्याले, म्हनजे तिले, दिसते. म्हनजे धनराजच्या मेलमागं… डिंपल-तीन.

कधीपासून ठाव हाय तिले? पयल्याच मेलपासून. अन् तुमच्या साऱ्याइले बी? मंग तुमी मघापासून च्या पीत काऊन बसले होते गप? — तिनंच मना केलं होतं. 'बोलू नका, घरचाच मानूस हाय, येऊ द्या आपल्या पायानं.' असं लिहिलं तिनं. तुमाले लिहिलं.

म्हनजे अंबाडी — थांबा. अन् डोक्याले तेल. कपडे आत वाळवत जा म्हनली, तेव्हा मी दोरीवरचे कपडे आत आनले होते, सर. खरंच आनले होते. मले वाटलं, आपल्यालेच सुचलं.

मंग ती घुग्घुसले कोनाले भेटाले गेली?

सर, तुमाले रस्ता सांगनारी बाई कशी होती? साडी कोन्ती? नीट आठवा. पोपटी. बाकड्यावर बसून होती का उभी? मांडीवर डबा होता काय? — होता. अन् घुग्घुसची गाडी समोरच लागून होती म्हनता. ती त तिची दुसरी, पयली केव्हाच निघून गेली असन. अजूनही तिथीच बसून हाय ती.

उठा. उठा सर, दुकान बंद. लाईट येऊ द्या आली त, आता मशीनीले हात लावू नका कोनी. तुमची ते सीडी ठेवा टेबलावर, च्याचे पैसे राहू द्या. इतवारी धनराजले भेटाचं होतं ना तुमाले? झाली भेट. पाय काढा बाहेर, शटर पाडतो. — तुमी कुठी निघाले माझ्यासंग? नाई नाई. तुमी जेवाले समोरच्या खानावळीत जा, चांगली हाय. डबा दोघाचाच हाय.