मागच्या दोन बाकांच्या प्रश्नपत्रिका

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक मुख्याध्यापक आणि त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या बाई उभ्या होत्या. उद्याच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या.

“बाई, मागच्या दोन बाकांच्या नका काढू. ती मुलं उद्या घरीच राहतील.”

“का? काय झालंय त्यांना?”

“झालं काही नाही. पण गणितात आपटतील आणि शाळेचा निकाल खाली ओढतील.”

“सर, प्राथमिकचं शेवटचं वर्ष आहे त्यांचं. वर्षभर मी घसा फोडला तो काय त्यांना घरी बसवायला?”

“हळू बोला, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! ती चष्मेवाली आठवते? छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा, हेच धरून बसली होती. परवा कागदाची पट्टी दुमडता दुमडता ओरडली, ‘बाई, तुकडे वाढले की तुकडा बारीक होतो!’ वर्षात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी. आता तिला सांगू, तू येऊ नकोस?”

“तुम्ही नका सांगू. मी पालकांना निरोप धाडलाय.”

“माहितीये. तिच्या आईचा फोन आला होता. विचारत होती, ‘पोरीनं काही केलं का?’ लाज वाटली मला. सगळ्यांच्या घरी फोन करून सांगितलंय, उद्या यायचंच.”

“मला न विचारता?”

“तुम्ही मला विचारलं होतंत?”

“निकाल पडला तर वर काय सांगू?”

“माझं नाव सांगा. अहो दादा, मशीन सुरू करा. सगळ्या वर्गाच्या काढा.”

“बाई, हे तुम्हाला महागात पडेल.”

“पडू दे. जरा बाजूला व्हा सर, मागे लोक खोळंबलेत.”