चपलांचा ढीग

घरकुलाचा विषय काढलास म्हणून सांगतो. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांना घरं मिळाली, त्यात आमच्या आईलाही मिळालं. शहरात एका खोलीत अख्खं घर कोंबलेलं, आणि तिथं स्वतःचा नळ! आई उगाचच नळ सोडून बघायची.

एका दुपारी सरकारी साहेब तपासणीला आले. घरात कोणी राहत नसेल, तर घर परत घेणार होते. बघतात तर गल्लीत सगळीकडे कुलपं. फक्त आमचं दार उघडं, बाहेर चपलांचा हा ढीग, आणि साहेबांना बघून आतल्या बायका एकदम गप्प, खाली माना घालून.

साहेबांनी बूट काढले, हात जोडले. हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

आई मांडीवरच्या सुपात विडी वळतच म्हणाली, "कोण बी गेलं न्हाय की! सगळ्या हितंच हायत."

"मग तुम्हाला वेगवेगळी घरं कशाला दिलीत?"

"घरं लई चांगली हायत, साहेब. पर एकटीनं वळत बसलं की दिवस सरत न्हाय."

साहेबांना हसू आवरेना. बायकांनी कुलपं काढून आपापला संसार दाखवला. घरं वाचली.

आता विड्यांचं काम आटलंय. परवा गेलो, तर गल्लीत सगळी दारं उघडी, आत टीव्ही चालू, आणि प्रत्येक दारात चपलांचा एकेकच जोड.

आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "आता वाटतंय बघ, कोणतरी गेल्यागत."