लेझीम ऐकू येते का?

तुम्ही बसा आणि लिहून घ्या, मी उभाच बरा. बसलो की मला सुचत नाही. तर मी शिरपूर तालुक्यातला, नाव वसंत, वडील गावात पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे, आयटीआय झालं तसा मी सिल्वासाला आलो, तिथल्या आमली भागात खोली घेतली, पॉलिस्टर सुताच्या कंपनीत मेन्टेनन्सला लागलो आणि काय सांगू तुम्हाला, बघता बघता चोवीस वर्षं झाली. कंपनीच्या मशीनच्या हॉलमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं, आणि तिथे माझं काम काय, तर बेअरिंग ऐकायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटायची काही गरज नसते हो, ती माझी हौस, सगळे कसे गप्प उभे राहतात. बेअरिंग जायच्या आधी बारीक शीळ घालतं, ती शीळ पकडायची. अख्ख्या शेडमध्ये ती मलाच सापडायची. वसंतभाऊ, जरा कान द्या, एवढं कोणी म्हटलं की मी हातातला चहा ठेवून निघायचो.

आणि मागच्या वर्षी चार नंबरच्या मशीनला मी असाच स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, म्हणालो ठणठणीत आहे, आणि तिसऱ्या दिवशी तेच बेअरिंग जाम. दोष मी ग्रीसवर ढकलला. इंजिनिअर साहेबांनी कंप मोजायचं एक मीटर मागवलं आणि कपाटात ठेवलं. कान गेला असं कळलं तर मला पॅकिंगला बसवतील, खोक्यांना पट्ट्या मारायला. घरी येऊन मी या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, परत आत. सिंधू, माझी बायको, म्हणायची, अहो, पायाला भिंगरी बांधलीय का? घरात शांतता असली की मला भीतीच वाटायची, खरंच शांतता आहे की मलाच ऐकू येत नाही?

तेवढ्यात आमच्या भागातल्या मोबाइलच्या ग्रुपवर फोटो आला. जुने परदेशी स्पीकर, लाकडी, गुडघ्याएवढे उंच, विकणारे सावंत सर, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, सामान आवरून मालवणला परत निघालेले. मी त्याच संध्याकाळी हजर. सर म्हणाले, वसंतराव, याला वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा नाही हं, तो याच्या पोटातच आहे, प्रत्येकाला आपापली विजेची वायर. त्यांनी गाणं लावलं. मी काय केलं असेल? खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक खोक्याला, मूठ कानाला, डोळे बंद! सर म्हणाले, अहो, हे काय, डॉक्टर आणलाय की गिऱ्हाईक? मी म्हणालो, सर, तबियत एकदम टकाटक. ते म्हणाले, वरचे सूर ऐका, चांदी आहे चांदी! मी म्हणालो, वा, काय चांदी आहे! आतून वहिनींचा आवाज आला, शेजारी भांडायला येतील, कमी करा! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कमी करायचं? मोठा आहे का? रिक्षात मांडीवर घेऊन आणले मी ते दोन्ही.

जोडणं म्हणजे माझा हातखंडा. मागे बघतो तर आजच्या लाल-पांढऱ्या पिना नाहीतच, पाच भोकांचं गोल सॉकेट. मग मल्टिमीटरने एकेक भोक तपासलं, अर्थिंग कुठली, डावा कुठला, उजवा कुठला, वायर स्वतः सोल्डर केली, डीव्हीडी प्लेअरला जोडली. चालू केलं तर घुंऽऽऽ! दोन स्पीकर दोन भिंतींच्या दोन बोर्डांवर होते, त्याची ती घरघर. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले, घरघर गायब. अर्थिंगची वायर काढली तरी घरघर जाते, पण शॉकची भीती, म्हणून ती काही मी काढली नाही, ते पाप वायरमनने करायचं नाही. मी मिशीवर ताव देत सिंधूला हाक मारली, ये, तुझ्या भाच्याचं लग्न ऐक.

लग्नाची वरात लागली. ढोल असा घुमला की फळीवरचे डबे हलले. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. सिंधू जवळ आली, स्पीकरपाशी वाकली, म्हणाली, लेझीम कुठे गेली? मी म्हणालो, कुठली लेझीम? म्हणाली, अहो, शाळेच्या पंधरा मुली पुढे नाचताहेत, टीव्हीत दिसताहेत, त्यांची छनछन कुठाय? नुसता ढोल बडवताहेत. मी म्हणालो, आहे की, अशीच होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि एकदम माहेरच्या बोलीत आली, तुमले ऐकू येस का नही?

मला राग आला. स्पीकरचा नाही, तिचा. जेवलो नाही. रविवारी मागची फळी उघडली. बारीक आवाजाचा तो वरचा छोटा भोंगा, ट्विटर म्हणतात त्याला, त्याच्या वाटेतला कंडेन्सर वाळून गेलेला. दोन्हीकडे तेच. म्हणजे सावंत सर आणि मी, दोघांनी मिळून नसलेली चांदी ऐकली होती! कंडेन्सर बदलले, परत वरात लावली. सिंधू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली. आली, आली! अहो, पैंजणसुद्धा ऐकू येताहेत! तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आणि मी तिथेच, स्पीकरपासून हातभर. मला ढोल ऐकू येत होता. फक्त ढोल. आधीही ढोल, आताही ढोल. दुरुस्त केलं मी आणि ऐकलं तिने.

मी खाली बसलो. तिला कळलं होतं. म्हणाली, साहेबांना तुम्ही सांगणार की मशीन सांगणार?

सावंत सरांना फोन केला, सर, ट्विटर बंद होते. ते म्हणाले, काय? मी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, अरेच्चा, मला वाटायचं आजकालच्या तबलेवाल्यांचे हात जड झालेत! हसलो दोघेही, पण माझ्या हसण्यात दम नव्हता.

नंतर चार दिवस मी कंपनीत चोरासारखा फिरलो. पाचव्या दिवशी सहा नंबरवर बोलावणं आलं. ऑपरेटर, फिटर, साहेब, सगळे गोल करून उभे. मी स्क्रूड्रायव्हर काढला, टोक टेकवलं, डोळे मिटले. खालची घरघर छान ऐकू आली. त्याच्यावर शीळ आहे की नाही, देवाला माहीत. म्हणालो असतो ठणठणीत, तर कोणी काही बोललं नसतं, माझा शब्द होता. पण त्या रोलरवर पुढे हात घालून धागा ओढणारी बाई तिथेच उभी होती. मी डोळे उघडले आणि हॉलच्या वरताण ओरडलो, साहेब, मला शीळ ऐकू येत नाही! मीटर आणा!

साहेबांनी मीटर आणलं, पण कुठे लावायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वसंतभाई, तमे बतावो ने, ते गुजरातीत म्हणाले, आणि मीटर माझ्या हातात दिलं. मी लावलं. काटा लाल भागात गेला. बेअरिंग बदललं.

पॅकिंगला पाठवतील की नाही, अजून नक्की नाही. पुढच्या महिन्यात कंपनीच्या डॉक्टरांकडे कानाची तपासणी आहे. झोप लागत नाही, पाय थांबत नाहीत, खोटं कशाला सांगू? पण बोललो, ते एक बरं झालं. देव तुमचे कान शाबूत ठेवो, तुमच्या लेकराबाळांचेही ठेवो. आणि आता तुम्ही जे लिहिलंत ते मला जरा मोठ्यांदा वाचून दाखवा.