धाकू गावड्याच्या काजूला कोण लागलं?

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस डोळ्यांत तेल घालून पहारा करतो तो कशावर? जे समोर दिसतं त्यावर, की मनाशी आधीच ठरवून बसलाय त्यावर? उत्तराची घाई नको. ऐका.

तळकोकणात, डोंगरउतारावर, धाकू गावड्याची काजूची बाग. मधे दगडी गडगा, आणि गडग्यापलीकडे लवू परबाची. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले! एकदा पावसाळा सरला आणि धाकूच्या एका झाडाची पानं पिवळी पडली. झाड वाळलं. मग त्याच्या शेजारचं. कारण काही कळेना. तेवढ्यात कुणीतरी कानाशी लागलं — लवू तुझ्या झाडाच्या बुंध्याशी वाकलेला दिसला हो!

झालं. वाकला का होता, हे विचारलं कुणी? छे! विचारलं की संशय मरतो, मग गावाने चघळायचं काय?

धाकूची खात्रीच पटली, लवू मुळांत विष ओततोय. लवू एकदा दारी आला, तर धाकूने आतून कडी घातली. बायकोला, सत्यवतीला, बजावलं की परबांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. लवूच्या मुलीचं लग्न निघालं. त्या पोरीला सत्यवतीने अंगाखांद्यावर खेळवलेलं. सनई घरात ऐकू येत होती, आणि सत्यवती दिवसभर मागच्या पडवीत बसून होती.

आणि धाकू? कुणी बुंध्याशी पोचू नये म्हणून झाडाझाडाभोवती काटेरी फांद्या रचत होता. चोख बंदोबस्त! झाडं मात्र मरतच राहिली.

एका दुपारी लवू सापडलाच. काटे बाजूला सारून बुंध्याशी बसलेला, हातात पटाशी. धाकू कोयता उगारून धावला. लवू जागचा हलला नाही.

"मार," तो म्हणाला. "पण आधी ह्यां बघ."

त्याने साल उचकटली. आत बोटाएवढी पांढरी अळी — खोडकिडा! खोड आतून पोखरत होती, आणि खाली तांबूस भुसा साचला होता. आदल्या वर्षी लवूची दोन झाडं ह्याच किड्याने खाल्ली होती. धाकूकडचा किडा आपल्याकडे येईल, म्हणून तो अळ्या काढत होता. स्वार्थ होताच थोडा.

"माका सांगलंस नाय?"

"सांगूक इल्लंय. तू दार लावलंस."

धाकूने काटे ओढून काढले. झाडाझाडाखाली भुसा. उघडा असता तर केव्हाच दिसला असता! त्यानेच तो झाकून ठेवला होता.

वाचणारी झाडं दोघांनी मिळून साफ केली. बाकीची मुळासकट उपटून जाळावी लागली, नाहीतर किडा पसरतो. त्यात धाकूच्या आईने लावलेलं झाडही गेलं. ते जळताना धाकू हळूच म्हणाला, लग्नाला मी आलो नाही रे.

लवू आगीकडेच बघत होता. "चेडवान लय वाट बघल्यान," लेकीबद्दल एवढंच बोलला.

मंडळी, काजू पुन्हा लावता येतो. ते लग्न काही पुन्हा लागत नाही. आता सांगतो, मघापासून मी बघतोय — ह्या देवळात दोन सख्खे भाऊ बसलेत, एक त्या खांबाशी, एक ह्या खांबाशी. नावं घेत नाही, गावाला ठाऊक आहेत. एकाने उठावं, दुसऱ्यापाशी जावं, आणि इतकंच विचारावं, "त्या दिवशी तू तिथे काय करत होतास?"

जा. तोवर आरती पेटवत नाही. देवाला घाई नाही.