तबेल्यातला दिवा

— नाही काका, एकदम पाय उचलायला लावू नका तांबडीला, आधी नुसता हात ठेवून बघा खुरावर. लागतंय ना गरम? सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी आहे ती काही आळसानं नाही. नाल उतरवा, खाली भुसा जाड घाला आणि वाट बघा, एवढंच म्हणाल्या डॉक्टरीणबाई. ताप उतरलाय, जुलाब थांबलेत, पण खुरातलं हाड सरकलं तर घोडी गेली — असं तोंडावर सांगितलं त्यांनी. पोटात शिंगरू आहे, त्याचं मी विचारलं, तर हात धुवायला निघून गेल्या.

कशानं झालं? तेच तर. मलाही दोनदा समजावून घ्यावं लागलं. नदीत बारक्या गोगलगायी असतात ना — त्यांच्या पोटात किडा असतो, चपटा, डोळ्याला दिसणारही नाही एवढा. आणि त्या किड्याच्या अंगात जंतू. किडा गोगलगायीतून बाहेर पडतो, पाण्यातल्या अळीत शिरतो, अळीला पंख फुटतात आणि ती उडते ती थेट आपल्या दिव्यावर. सकाळी बघावं तर दिव्याखाली हा खच — गव्हाणीत, बादलीत, भुशात. तांबडीनं खाल्लं ते कोंड्याबरोबर. किड्याचं घोड्याशी काही वाकडं नाही हो, आतला जंतू सुटतो तो आतडं धरतो, आणि आतड्यातलं विष खुरात उतरतं. आणि किड्याला तो कुठून लागतो, माहितेय? लागत नाहीच. आईकडून येतो, अंड्यातच. जन्माला येतो तोच जंतू घेऊन, आणि जाताना पिलांना देऊन जातो. बाई अगदी सहज बोलून गेल्या, आणि मी परत विचारलं, आईकडूनच ना? — का म्हणजे? सांगते. आधी तो डावा पाय होऊ द्या, हळू, हां.

दिवा बंद ठेवा म्हणाल्या. बाकीच्या दोघांना वाचवायचं तर दुसरं काही करू नका, दिवा बंद. पण तो दिवा घोड्यांसाठी नाहीच ना. बाबांसाठी आहे. तुम्ही त्यांना ओळखता ते वेगळे बाबा, काका. आता अंधार पडला की उठतात, घोडे पाण्यावर न्यायचेत म्हणतात — मी जन्मायच्या आधी विकले गेलेले घोडे — आणि चालू लागतात नदीकडे. इथे उजेड दिसला की इकडे वळतात, तांबडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहतात, मग मी धरून घरात आणते. म्हणून उन्हाळ्यापासून दिवा लावते. त्यांची आई अशीच नदीत गेली. आम्ही पाय घसरला म्हणतो, सगळ्यांना तेच सांगितलंय, तुम्हालाही तेच माहीत असेल. — असू द्या, बोलून गेले.

ते जोडे? हो, बाबांचेच. वाळत घातलेत. नाही, धुतले नव्हते — काल दिवा बंद केला मी. काय करणार, दोन धडधाकट घोडे उभे आहेत आत. दिवा बंद करायचा आणि बाबांच्या दाराला बाहेरून दोरी बांधायची, कडी आतूनच आहे ना. असं ठरवलं होतं, घोकत होते दिवसभर. सकाळी दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती, काका. आणि बाबा नदीत, गुडघाभर पाण्यात, लगाम धरल्यासारखी मूठ आवळून. मला म्हणाले, "घाई करू नकोस, पिऊ दे त्यांना पोटभर." ओठ निळे पडले होते.

विसरले मी. विसरलेच असणार ना? मुद्दाम कशाला करेन — दमले आहे हो, खूप दमले आहे, पण म्हणून काय — नाही. विसरले. पण विसरले म्हणावं, तर आजीचंही असंच सुरू झालं होतं, हातातली वस्तू घरभर शोधत बसायची. आजी, मग बाबा, मग — मुद्दाम केलं की विसरले, यातलं कुठलं खरं असलेलं बरं, तुम्ही सांगा. मला दोन्हीची भीती वाटते. सकाळपासून एक काम करते आणि परत जाऊन बघते, केलं की नाही.

असं बघू नका माझ्याकडे. तुमच्या भट्टीत एक कडी करून द्याल का? जाड, बाहेरून लागणारी, बाबांच्या दाराला. आणि दोन करा. दुसरी माझ्या दाराची. — आत्ता नको लावायला, मी अजून बरी आहे. माझी मुलगी येईल सुट्टीला, तिच्या हातात द्या. कशाला आहे ते सांगू नका तिला, नुसती द्या. आईकडून आलंय, एवढंही म्हणू नका.

निघा आता. नाही, चहा नको, काही नको, अंधारून येतंय आणि बाबांच्या खोलीत हालचाल ऐकू येतेय. दिव्याचं? मी बघते काय ते. जा तुम्ही.